सोनेगाव ते मुंबई : ६८० किलोमीटर आणि दीड तास

नागपूरहून मुंबई किती लांब? समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटर, तेही भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतच. रेल्वेने सव्वाआठशेच्या वर. विमानाचं अंतर सगळ्यांत कमी, ६८० च्या आसपास.

हे ६८० घरबसल्या कागदावर काढता येतात. नागपूरचा, म्हणजे सोनेगावचा विमानतळ २१.०९ अंश उत्तर आणि ७९.०५ अंश पूर्वेला आहे, मुंबईचा १९.०९ आणि ७२.८७ ला. अक्षांशांतला फरक २ अंश. एका अंशाचे साधारण १११ किलोमीटर धरले तर दक्षिणोत्तर २२२ झाले. रेखांशांतला फरक ६.१८ अंश, पण रेखावृत्तं ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात. त्यामुळे आपल्या पट्ट्यात एक अंश १०४.४ किलोमीटरचाच भरतो. म्हणजे पूर्व-पश्चिम ६४५. आता पायथागोरस लावा, उत्तर येतं ६८२. लंडन-न्यूयॉर्कसारख्या पल्ल्याला मात्र हा सपाट त्रिकोण फसतो, तिथे गोलावरचंच गणित करावं लागतं.

एक अंश नेमका किती लांब, हे कुणीतरी जमिनीवर मोजल्याशिवाय कळणार नव्हतं. भारतात विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज सर्वेक्षकाने १८०२ साली मद्रासजवळ त्याला हात घातला. आधी साखळ्यांनी एक रेषा काटेकोर मोजायची, मग उंच जागा गाठत थिओडोलाइट या कोन मोजायच्या यंत्राने कोन घेत त्रिकोणामागून त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकायचं. ते काम चालू असतानाच, नागपूरकडे येताना, २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. याच सर्वेक्षणाची खूण असलेल्या नागपूरच्या झीरो माइलला जाणाऱ्या प्रत्येकाने एकदा हिंगणघाटलाही जावं, असं मला मनापासून वाटतं.

आता वेळेचं बघू. ताशी ८०० किलोमीटरने उडणाऱ्या जेटला ६८० किलोमीटर कापायला एक्कावन्न मिनिटं पुरतात. मग तिकिटावर दीड तास का? कारण तिकिटावरची वेळ हवेतली नसते. चाकांचे अडसर काढून विमान जागचं हललं की ती सुरू होते आणि मुंबईत ठरलेल्या जागी उभं राहिलं की संपते. धावपट्टीपर्यंतची रांग, उतरल्यावरचं रांगणं, सगळं त्यात आलं. शिवाय दहा हजार फुटांखाली वेगाला २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरची मर्यादा असते. इतक्या छोट्या उड्डाणात चढणं-उतरणंच बरंच, पूर्ण वेगाचा टप्पा थोडका. आणि मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. उतरणाऱ्यांची गर्दी झाली की विमानाला आकाशातच घिरट्या घालायला लावतात. माझ्या मते वेळ खाण्यात मुंबईचा हा वाटा सगळ्यांत मोठा.

उरला वारा. हिवाळ्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर आपल्याकडे पश्चिमेचा जोरदार वारा असतो. तो ताशी १०० किलोमीटरचा धरला, तर ताशी ८०० चं विमान मुंबईकडे जाताना जमिनीच्या हिशेबाने ७०० ने सरकतं आणि परतताना ९०० ने. तेच ६८० किलोमीटर जाताना अठ्ठावन्न मिनिटांचे, येताना पंचेचाळीसचे. भर पावसाळ्यात हा पश्चिमेचा पट्टा उत्तरेला सरकतो, त्या उंचीवर वारा पूर्वेकडून वाहू लागतो आणि फायदा नागपूरहून मुंबईला निघालेल्याच्या वाट्याला येतो.