गाईची जीभ, डुकराचं आतडं आणि जंतूंशी पहिली झुंज

गाय खरखरीत, काटेरी चारा खाते. जीभ कुठे ना कुठे सोलवटतेच, तिथे शेणामातीतले जंतूही पोचतात, तरी ती सहसा चिघळत नाही. याचं एक उत्तर १९९५ मध्ये त्या जिभेतच सापडलं. जखमेभोवतीच्या पेशी एक छोटं प्रथिन, म्हणजे पेप्टाइड, जास्त बनवू लागतात. त्यावर धन विद्युतभार असतो, जिवाणूच्या आवरणावर ऋण. ते आवरणाला चिकटतं आणि त्याला भोकं पाडतं.

ही शोधयात्रा सुरू झाली कीटकांपासून. कीटकांकडे प्रतिपिंडं, म्हणजे विशिष्ट जंतू ओळखून त्याला चिकटणारी प्रथिनं, नसतात; मग ते जगतात कसे, हा स्वीडनचे शास्त्रज्ञ हान्स बोमन यांचा प्रश्न होता. १९८१ मध्ये त्यांच्या गटाने सेक्रोपिया पतंगाच्या कोषातून 'सेक्रोपिन' हे असंच जंतुनाशक पेप्टाइड वेगळं काढलं. १९८७ मध्ये अमेरिकेत मायकेल झास्लॉफ या शास्त्रज्ञांना बेडकाच्या कातडीत 'मॅगेनिन' हे तसंच पेप्टाइड मिळालं. पुढे १९९१ मध्ये झास्लॉफ आणि सहकाऱ्यांनी गाईच्या श्वासनलिकेतून जे पेप्टाइड काढलं, ते बीटा-डिफेन्सिन या जंतुनाशक पेप्टाइडांच्या कुळातलं सस्तन प्राण्यांमधलं पहिलं. माणसातलं पहिलं त्यानंतर चार वर्षांनी हाती आलं. या विषयात गोठ्याचं ऋण किती मोठं आहे, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

डुकराची हकिकत तर विलक्षणच. १९८९ मध्ये बोमन यांच्या गटाला डुकराच्या आतड्यात सेक्रोपिन मिळालं. कीटकांचं हत्यार सस्तन प्राण्यातही आहे, असं त्यावरून सगळे समजून चालले. पण डुकरात त्याचं जनुक काही सापडेना. अखेर २००३ मध्ये बोमन यांच्याच गटाने उलगडा केला: ते पेप्टाइड डुकराचं नव्हतंच, आतड्यातल्या जंतांचं होतं! आपलीच चूक स्वतः शोधून मांडणं, याला मी मूळ शोधाइतकंच मोल देतो.

आज या विषयाची निकड वाढली आहे ती प्रतिजैविकं निकामी होऊ लागल्यामुळे. २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांतल्या जिवाणूंमध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक सापडलं, आणि ते एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारं होतं. भारताने २०१९ मध्ये जनावरांच्या खाद्यात आणि उपचारांत कोलिस्टिनवर बंदी घातली. आपल्याकडे कासेला दगडी, म्हणजे जंतुसंसर्गाने सूज, झाली, की सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडायची आणि दूध ओतून द्यायचं, हे पशुपालकांना चांगलंच ठाऊक आहे. संसर्ग झाला की कासेच्या पेशीही अशी पेप्टाइडं वाढवतात. म्हणून बाहेरून औषध देण्याऐवजी जनावराचंच हे बळ वाढवता येईल का, असा विचार पुढे आला. पेशींना अशी पेप्टाइडं जास्त बनवायला लावणारा ब्युटिरेट हा पदार्थ कोंबड्यांच्या खाद्यात मिसळल्यावर त्यांच्या आतड्यातले साल्मोनेला जिवाणू कमी झाल्याचं प्रयोगांत दिसलं आहे.