‘आजारांवरचे चित्रपट’ या शिक्क्यामागची पार्श्वभूमी

मराठी दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांच्या चित्रपटांचा विषय निघाला की ‘आजारांवरचे चित्रपट’ हा शेरा हटकून ऐकू येतो. ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया, ‘नितळ’मध्ये कोड, ‘अस्तु’मध्ये अल्झायमर आणि ‘कासव’मध्ये नैराश्य अशी ओळीने यादी केली की तो खराही वाटू लागतो. मात्र हा शिक्का चित्रपटांच्या आशयावरून जितका पडला, तितकाच तो त्यांना पैसे कोठून मिळाले यावरूनही पडला आणि वादाचे मूळ तेथेच आहे.

भावे (१९४३–२०२१) या पुण्याच्या आणि पेशाने समाजशास्त्राच्या अभ्यासक. समाजकार्याचे शिक्षण देणाऱ्या शहरातील एका संस्थेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले. चित्रपटाचे रीतसर शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही. झोपडपट्टीतील स्त्रियांच्या आयुष्यावर संशोधन करताना त्यांच्यापुढे एक साधी पण अवघड अडचण उभी राहिली. ज्या बाईने आपली कहाणी सांगितली, तिलाच त्यावर लिहिलेला अहवाल वाचता येत नव्हता. या अडचणीतून १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट तयार झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पुण्यातीलच चित्रपट प्रशिक्षण संस्थेत शिकलेले सहदिग्दर्शक सुनील सुकथनकर त्यांच्याबरोबर आले आणि सरकारी अर्थसाह्यातून १९९५ मध्ये ‘दोघी’ हा पहिला कथापट झाला.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. ठरावीक गाणी, ठरावीक विनोद आणि ओळखीचे चेहरे यांना नकार देणाऱ्या मराठी दिग्दर्शकाला त्या काळी व्यावसायिक निर्माता मिळणे दुरापास्त होते. पुण्यात मात्र याच सुमारास रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांचे स्वमदत गट उभे राहत होते. स्किझोफ्रेनियाविषयी जागृती करणारा एक, कोड असलेल्यांचा दुसरा. आपल्या विषयावर चित्रपट व्हावा अशी या मंडळींची इच्छा होती आणि त्यासाठी पैसा उभा करण्याची तयारीही होती. भावे यांनी हे साह्य स्वीकारले. हा निर्णय आजही अनेकांना खटकतो. एखाद्या उद्दिष्टासाठी मिळालेल्या पैशातून केलेल्या चित्रपटाला स्वतंत्र कसे म्हणायचे, तो माहितीपटाचाच लांबलेला अवतार नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप अगदीच निराधार नाही. या चित्रपटांत डॉक्टर कधी कधी गरजेपेक्षा जास्त समजावून सांगतात, आणि अशा वेळी पात्राच्या मागे कोणीतरी माहितीपत्रक धरून उभे आहे असे वाटते.

तरीही आक्षेप घेणारे ‘देवराई’च्या (२००४) बाबतीत घडलेली एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. हा चित्रपट स्किझोफ्रेनियाविषयी जागृती व्हावी म्हणून उभा राहिला, पण त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरण संवर्धनाच्या विभागात. कारण शेष या नायकाचे मन ज्या राईत गुंतले आहे, ती राई चित्रपटात आजाराचे नुसते प्रतीक म्हणून येत नाही. ती कोकणातल्या गावाची, देवाच्या नावाने राखलेली खरी राई आहे आणि तिचे काय होणार ही काळजी शेषच्या काळजीइतकीच ठळक होते. त्याला शहरात आपल्या घरी आणणाऱ्या बहिणीच्या संसारावर येणारा ताणही कोणत्याही माहितीपत्रकात मावणारा नव्हता. पैसे देणाऱ्यांनी विषय दिला असेल, पण गोष्ट त्यांनी दिली नव्हती. ‘नितळ’मध्येही (२००६) डाग नायिकेच्या अंगावर असले, तरी तपासणी होते ती तिला पाहणाऱ्या मोठ्या, सुशिक्षित कुटुंबाची.

पैशाचा प्रश्न सुटला, तरी प्रदर्शनाचा सुटला नाही. ‘अस्तु’ला संवादांसाठी आणि सहायक अभिनेत्रीसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले होते, तरीही तयार झाल्यापासून चित्रपटगृहात यायला त्याला २०१६ उजाडले आणि तेही लोकवर्गणीच्या आधारे. मुलगी दुकानात गेली असताना गाडीत बसलेले संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक रस्त्यावरून जाणारा हत्ती पाहतात, उतरतात आणि त्याच्यामागे चालू लागतात. पुढे माहुताची बायको त्यांना मुलासारखे सांभाळते. गाडीच्या उघड्या दारापासून सुरू होणारी ही गोष्ट दुपारच्या एकुलत्या एका खेळाला किती लोक पाहणार होते? म्हणून खेळानंतर चर्चा ठेवण्याची पद्धत रुळली. प्रमुख अभिनेते मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असल्याने त्या चर्चा चांगल्या रंगत. पण त्यातूनच ‘आजारांवरचे चित्रपट’ ही ओळख आणखी पक्की झाली, कारण प्रेक्षकांचे प्रश्न बहुधा चित्रपटाविषयी नसून घरातल्या रुग्णाविषयी असत.

२०१७ मध्ये ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट कथापटाचे सुवर्णकमळ जाहीर झाले, मराठीला हा मान मिळण्याची ती पाचवी वेळ होती. या दीर्घ वाटचालीत दिग्दर्शनाचे श्रेय बहुतेक वेळा भावे आणि सुकथनकर या दोघांचे होते, आणि बातम्यांत ते अनेकदा एकाच नावावर जमा होते, हेही नोंदवायला हवे. भावे यांनी एकटीने दिग्दर्शित केलेला ‘दिठी’ हा मुलगा गमावलेल्या वारकरी लोहाराचा चित्रपट आहे आणि त्यात कोणताही आजार नाही. एप्रिल २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच महिन्यात तो थेट ओटीटीवर आला. चित्रपटगृहे तेव्हा बंद होती, त्यामुळे शिक्का नसलेला त्यांचा चित्रपट तिकीटबारीवर कसा चालला असता, याची परीक्षा झालीच नाही.