आंतरव्यावसायिक शिक्षणासाठी विद्यापीठांतर्गत छोटी अनुदानं

मेडिसिन, नर्सिंग, फार्मसी, डेंटल, फिजिओथेरपी, सोशल वर्क अशा वेगवेगळ्या कोर्सच्या मुलांना एकत्र शिकवायचा एखादा नवा प्रयोग करून बघायला आरोग्यविज्ञान विद्यापीठ आपल्याच शिक्षकांना आपल्याच निधीतून जी छोटी ग्रँट देतं, ती म्हणजे ही अनुदानं. सीड ग्रँट, मिनी ग्रँट अशी नावं चालतात. रक्कम बाहेरच्या रिसर्च ग्रँटच्या मानाने अगदी कमी, मुदत साधारण एक वर्ष, अर्जही दोन-चार पानांचा.

आंतरव्यावसायिक शिक्षण म्हणजे काय याची सगळ्यात जास्त वापरली जाणारी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 च्या आराखड्यात आहे. दोन किंवा जास्त व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात ते. म्हणजे एकाच हॉलमध्ये सगळ्यांना बसवून एक लेक्चर दिलं तर ते यात बसत नाही, आणि अर्ज तपासणारे पहिल्यांदा हेच बघतात. कल्पना तशी जुनीच आहे, संघटनेचा याच विषयावरचा एक अहवाल 1988 मध्येच आला होता.

मग इतक्या जुन्या गोष्टीला वेगळे पैसे का लागतात? कारण प्रत्येक कॉलेजचा डीन वेगळा, बजेट वेगळं, टाइमटेबल वेगळं, मान्यता देणारी संस्था वेगळी, त्यामुळे चार कॉलेजांचा मिळून जो कोर्स असतो तो कुणाच्याच बजेटमध्ये बसत नाही आणि सगळ्यांना पटूनही तसाच राहून जातो. खरं महत्त्व रकमेपेक्षा अटीला आहे असं म्हणायला हवं. अर्जात किमान दोन व्यवसायांचे शिक्षक हवेत ही अट जवळपास सगळीकडे असते, आणि तिच्यामुळेच एरवी कधी न भेटणारी माणसं एका टेबलावर येतात.

पैसे जातात ते साध्या गोष्टींवर. पेशंटची भूमिका करणाऱ्या ट्रेन केलेल्या लोकांचं मानधन, सिम्युलेशन लॅबचा (जिथे खऱ्या पेशंटशिवाय सराव होतो) वेळ, विद्यार्थी सहायक, छपाई, सॉफ्टवेअर. शिक्षकांचा पगार आणि मोठी यंत्रसामग्री बहुतेक ठिकाणी चालत नाही. नेहमीचा प्रयोग म्हणजे डिस्चार्जचा प्रसंग. मेडिकलचा विद्यार्थी डिस्चार्ज समरी लिहितो, फार्मसीची विद्यार्थिनी आधीची आणि आत्ताची औषधं ताडून बघते आणि एकच औषध दोन नावांनी लिहिलंय हे दाखवते, नर्सिंगचा विद्यार्थी पेशंटला समजावताना त्याच्या लक्षात येतं की पेशंटला लेबलच वाचता येत नाहीये, आणि सोशल वर्कची विद्यार्थिनी विचारते की घरी काळजी घ्यायला कोण आहे. नंतरच्या चर्चेत ही मुलं दुसऱ्याचं काम नेमकं काय हे पहिल्यांदा नीट ऐकतात. खरं शिक्षण होतं ते या चर्चेत, त्यामुळे तिला भरपूर वेळ ठेवलेला अर्ज चांगला समजावा.

मूल्यमापन हा मात्र कच्चा भाग. 1999 मध्ये आलेली 'रिपल्स' ही प्रश्नावली आधी आणि नंतर भरून घ्यायची पद्धत खूप चालते, पण ती विद्यार्थ्यांची तयारी आणि दृष्टिकोन मोजते, वागणं नाही, शिवाय मुलं सुरुवातीलाच इतके जास्त गुण देतात की पुढे वाढायला जागाच उरत नाही. त्यापेक्षा टीम बोलते कशी, माहिती कोण कुणाला देतं हे निरीक्षकाने बघून नोंदवलेलं जास्त कामाचं. अमेरिकेतल्या आयपेक या संस्थेने 2011 मध्ये मूल्यं, भूमिका, संवाद आणि टीमवर्क अशी एकत्र काम करायच्या क्षमतांची चार क्षेत्रं मांडली (2016 आणि 2023 मध्ये सुधारली), तिथले बरेच अर्ज त्यावरच बेतलेले असतात. निकाल छापायचा असेल तर एथिक्स कमिटीकडे आधी जावं लागतं, आणि एक वर्षाच्या ग्रँटमध्ये त्यातच बरेच आठवडे जातात.

अशा शिक्षणाचा प्रत्यक्षात किती उपयोग होतो हे बघणाऱ्या 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही आरोग्यविषयक अभ्यास गोळा करून तपासणारी संस्था) निकषांत बसणारे फक्त 15 अभ्यास सापडले आणि तेही एकमेकांपेक्षा इतके वेगळे होते की ठाम निष्कर्ष काढता आला नाही. छोट्या ग्रँटमधून एका बॅचपुरते होणारे प्रयोग ही उणीव भरून काढू शकत नाहीत, पण मोठ्या ग्रँटच्या अर्जाला लागणारा पायलट डेटा, म्हणजे छोट्या चाचणीतली सुरुवातीची माहिती, आणि एकत्र काम केलेली टीम त्यातूनच मिळते. दुसऱ्या वर्षी काय, हा प्रश्न तरीही उरतोच. त्यासाठी काही विद्यापीठं अर्जासोबतच सगळ्या संबंधित डीनचं पत्र मागतात, प्रयोग जमला तर टाइमटेबलमध्ये कायमचा तास देऊ असं लिहिलेलं.