गाडी तापली? आधी रेडिएटरचं झाकण बघा

मे महिना लागला की कसारा आणि खंबाटकी घाटात बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसायला लागतात. त्याच सुमारास मोबाइलवर एक जुना सल्ला नव्याने फिरतो: ‘थर्मोस्टॅट काढून टाका, ती थंड देशांची भानगड. आपल्याकडे रेडिएटरमध्ये साधं पाणी भरलं की भागतं.’ गॅरेजमध्येही हे छातीठोकपणे सांगणारे मिस्त्री भेटतात. मारुती ८०० किंवा ओम्नीसारख्या जुन्या गाड्यांच्या मालकांनी तर हे हमखास ऐकलेलं असतं.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप. तिच्याकडे नंतर येऊ. आधी एक साधा प्रश्न. पाणी १०० अंशांना उकळतं हे शाळेत शिकलो. मग ९५ अंशांच्या आसपास ज्याचा पंखा सुरू होतो आणि घाटात जे सहज १०५ ते ११० अंशांवर जातं, त्या इंजिनातलं पाणी उकळत कसं नाही?

याचं उत्तर रेडिएटरच्या झाकणात आहे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, पण फारसं कुणी तो वाचत नाही. हा ‘बार’मधला दाब आहे (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा), बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आत कोंडायचा त्याचं माप. झाकणातली स्प्रिंग तेवढा दाब होईपर्यंत रबरी वायसर तोंडावर दाबून धरते. तुमच्या प्रेशर कुकरचं तत्त्व हेच. दाब वाढला की पाण्याच्या रेणूंना वाफ होऊन सुटणं अवघड जातं आणि उत्कलनबिंदू वर सरकतो. ०.९ च्या झाकणाखाली साधं पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. त्यात निम्मं कूलंट, म्हणजे एथिलिन ग्लायकॉल, असेल तर १२५ च्याही पुढे.

आता झाकणाचं रबर वाळून चिरलंय असं समजा. पाण्याचा थेंबही बाहेर दिसणार नाही, पण दाब टिकणार नाही. मुंबईत अशी गाडी कशीबशी निभावून नेते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणजे नेमका पंखा सुरू व्हायच्या सुमाराला! खालून चढ चढत आलेली, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडवलेली गाडी वर पोचताच ‘उकळते’ ती अशी. मालक म्हणतो रेडिएटर बदला, मिस्त्री म्हणतो वॉटर पंप बदला, आणि खरा दोषी निघतो या सगळ्यात स्वस्त असलेला भाग.

उकळलं तर काय बिघडलं, वाफही उष्णता नेतेच की, असं कुणी म्हणेल. थोडी उकळी चालते, फायद्याचीही असते. सिलिंडर हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवतालचा धातू सगळ्यात तापलेला असतो. तिथे पाण्याचे बारीक बुडबुडे धरतात, लगेच सुटतात, आजूबाजूच्या थंड पाण्यात विरतात. प्रत्येक बुडबुडा जाताना धातूची भरपूर उष्णता घेऊन जातो. पण दाब पडला की बुडबुडे इतके होतात की एकमेकांत मिसळून धातूवर वाफेचा सलग पापुद्रा तयार होतो. वाफ ही पाण्याच्या मानाने पंचवीसएक पट मंद उष्णतावाहक. पापुद्र्याखालचा धातू झपाट्याने तापतो, त्यामुळे पापुद्रा आणखी टिकतो. इथून पुढे इंजिन स्वतःलाच तापवत जातं. त्यात वॉटर पंपाच्या तोंडाशी दाब मुळातच कमी असतो, म्हणून तिथेही वाफ होते, आणि पाण्याऐवजी फेस घुसळणारा पंप पुढे फारसं काही ढकलत नाही. बऱ्याच इंजिनांत, विशेषतः जुन्या, हेड ॲल्युमिनियमचं, खालचा ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. बोल्टांनी आवळलेलं हेड मग वाकतं आणि मधलं गॅस्केट, म्हणजे दोघांमधला सांधा घट्ट बंद ठेवणारा पातळ थर, जातं.

या टप्प्यावर डॅशबोर्डवरचा काटा कधी कधी चक्क खाली येतो आणि चालक सुटकेचा श्वास सोडतो. पाण्याची पातळी उतरल्यामुळे तापमान मोजणारा सेन्सर उघडा पडलेला असतो. तो आता पाण्याचं नाही, भोवतालच्या वाफेचं आणि हवेचं तापमान सांगतोय. तापलेल्या गाडीचा काटा एकाएकी पडला तर इंजिन तत्क्षणी बंद करायचं.

बंद केल्यावर झाकण उघडायचं नाही, हे सगळे सांगतात, पण का ते आकड्यांत पाहू. आत ११० अंशांचं चार लिटर पाणी आहे. झाकण निघालं की दाब एकदम पडतो आणि १०० च्या वरची सगळी उष्णता वाफ करण्यात खर्ची पडते. गणित केलं तर साधारण ७५ ग्रॅम पाण्याची वाफ होते. ७५ ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं, पण वाफ म्हणून त्याचं आकारमान सव्वाशे लिटरच्या घरात जातं. ही वाफ उरलेलं उकळतं पाणी सोबत घेऊन तुमच्या चेहऱ्याच्या दिशेने निघते. अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होज पाइप हाताला कोमट आणि मऊ लागला की मगच झाकणाला हात लावा. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतण्याची घाईही नको, हेडला तडा जाऊ शकतो.

गळती शोधायची ती सकाळी, इंजिन गार असताना. वाळलेल्या कूलंटचे हिरवट किंवा गुलाबी डाग होजच्या क्लिपांपाशी, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या सांध्यावर आणि वॉटर पंपाखाली बघायचे. पंपाला मुद्दाम ठेवलेलं एक बारीक भोक असतं. तिथून ओघळ दिसला तर आतलं सील गेलं. केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर चिकट धुकं, पायाखालची मॅट ओली, तर हीटरची छोटी जाळी फुटली. (गोड आहे म्हणून चाखू नका, एथिलिन ग्लायकॉल विषारी आहे. कुत्र्या-मांजरांना त्याच्यापासून लांब ठेवा.) एसी लावून उभ्या केलेल्या गाडीखाली पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी मात्र निव्वळ हवेतली आर्द्रता असते, त्याची काळजी नको. डोळ्यांना काहीच दिसत नसेल तर मिस्त्रीकडे हातपंपाचा प्रेशर टेस्टर असतो. गार रेडिएटरवर तो बसवून झाकणावरच्या आकड्याएवढा दाब भरायचा आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघत बसायचं. झाकणही त्याच यंत्रावर वेगळं तपासता येतं, पण तेवढं कुणी करत नाही.

गळतीच नसेल तर गाडी कधी तापते ते आठवा. सिग्नलला तापते आणि वेग घेतला की उतरते, तर पंखा किंवा त्याचा स्विच. चढावर आणि हायवेवर तापते, तर रेडिएटर आतून तुंबलाय. बोअरवेलचं जड पाणी वर्षानुवर्षं घातल्याची ही फळं. चहाच्या पातेल्यात बसतो तोच क्षार या नळ्यांतही बसतो.

आता थर्मोस्टॅट. त्यात मेण असतं. ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान ते वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडते. विजेशिवाय, सेन्सरशिवाय चालणारी इतकी देखणी वस्तू काढून फेकायची म्हणजे कमाल आहे. ती काढली की इंजिन बराच वेळ गार चालतं, पेट्रोल जास्त जाळतं, ऑइलमध्ये पाणी साठतं. काही इंजिनांत हाच थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटर टाळून परत इंजिनात जातो आणि गाडी उलट जास्त तापते! बिघडला असेल तर बदला.

हळदीचंही तसंच. रेडिएटरमध्ये हळद टाकली की बारीक गळती थांबते, हे खरं आहे. हळदीतला स्टार्च आणि चोथा गरम पाण्यात फुगून भोकात अडकतो. पण अरुंद नळी आणि भोक यांतला फरक हळदीला कळत नाही. घर गाठण्यापुरती ठीक. बाटलीतल्या महागड्या ‘स्टॉप लीक’लाही हाच आक्षेप लागू आहे, आणि बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीबद्दल एवढंच म्हणेन की तिने निदान नळ्या तुंबत नाहीत.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे खाली थेंब नाही, तरी दर आठवड्याला पाणी कमी. ‘गाडी पाणी पिते.’ इथे हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा. स्फोटाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब हवेच्या चाळीस-पन्नास पट असतो, पाण्याच्या वाटेत तो फार तर दुप्पट. त्यामुळे इंजिन चालू असताना जळालेला वायू पाण्यात घुसतो. सकाळी गार इंजिन सुरू करून दोन मिनिटांत होज दगडासारखा कडक झाला, तर तो उष्णतेचा दाब नाही, इतक्या लवकर पाणी तापतच नाही. इंजिन बंद केल्यावर उलटा प्रवास: दाबाखालचं पाणी सिलिंडरमध्ये झिरपतं आणि दुसऱ्या दिवशी पांढरा धूर होऊन निघून जातं.

याची खात्री रसायनशास्त्राने करता येते. ब्रोमोथायमॉल ब्लू नावाच्या दर्शकाचं निळं द्रावण एका नळीत घ्यायचं, नळी रेडिएटरच्या तोंडावर बसवायची आणि चालू इंजिनच्या पाण्यावरची हवा त्यातून खेचायची. साध्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के, पेट्रोलच्या धुरात बारा-तेरा टक्के. तो द्रावणात विरघळून कार्बनिक आम्ल होतं आणि निळ्याचं पिवळं होतं. टेस्टर वापरताना पाणी नळीत ओढलं जाऊ देऊ नका, नाहीतर द्रावण वाया गेलं. रंग निळाच राहिला तर हेड उघडू देऊ नका, गळती दुसरीकडे शोधा. पिवळा झाला तर हेड उतरवावंच लागेल. मग नवं गॅस्केट टाकण्याआधी सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून हेड किती वाकलंय ते तुमच्यासमोर मोजायला सांगा. छोट्या इंजिनांत चालणारा फरक मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा असतो आणि तो नुसत्या नजरेने दिसत नाही.