एकेका पेशीची पारख: एका शोधाची पार्श्वभूमी

प्रतिपिंडांवर (रोगजंतूंना ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनांवर) आधारित औषध शोधताना किंवा एखादे एन्झाइम भरपूर बनवणारे यीस्ट निवडताना आज लाखो पेशी एकेकट्या तपासल्या जातात. या तंत्राचा इतिहास बहुतेक वेळा स्टॅनफर्डच्या पेशी निवडणाऱ्या यंत्रापासून सांगितला जातो. माझ्या मते तो मेलबर्नपासून सांगायला हवा, कारण खरा प्रश्न तिथे आधी हाताळला गेला. पेशी दिसते कशी हे पाहणे त्या मानाने सोपे. ती बनवते काय हे ओळखणे कठीण. बनवलेला पदार्थ ती बाहेरच्या द्रवात सोडते आणि तो सगळ्यांच्या पदार्थांत मिसळून जातो. मग कर्तबगार पेशी नेमकी कोणती, हे कसे कळणार?

१९५७ मध्ये मेलबर्नच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार एक पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवते. त्यांच्याच संस्थेतला तरुण संशोधक गुस्ताव नॉसल आणि पाहुणे म्हणून आलेले जोशुआ लेडरबर्ग यांनी ते तपासायला घेतले. उंदरांना दोन प्रकारच्या साल्मोनेला जिवाणूंविरुद्ध लसवले, त्यांच्या लसीकाग्रंथीतली एकेक पेशी तेलाखालच्या सूक्ष्म थेंबात ठेवली आणि काही वेळाने त्या थेंबात पोहणारे जिवाणू सोडले. जिवाणू थबकले, म्हणजे पेशीने त्यांच्याविरुद्धचे प्रतिपिंड बनवले. दोन्ही प्रकारांना थांबवणारी पेशी सापडली नाही. १९५८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सूक्ष्मदर्शकाखाली, हाताने, एकेक थेंब पाहत केलेले हे काम होते. त्या चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडी.

१९६३ मध्ये नील्स येर्ने आणि अल्बर्ट नॉर्डिन यांनी तोच प्रश्न अधिक सोपा केला. लसवलेल्या प्राण्याच्या पेशी मेंढीच्या तांबड्या पेशींसह अगारच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) थरात पसरायच्या. मेंढीच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंड सोडणाऱ्या पेशीभोवतीच्या तांबड्या पेशी फुटतात आणि तांबड्या थरात स्वच्छ ठिपका उमटतो. ठिपक्याच्या मध्यभागी हवी ती पेशी! केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सीझर मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये प्रतिपिंड सतत बनवत राहणाऱ्या पेशी मिळवण्यासाठी उंदराच्या प्लीहेतल्या पेशी कर्कपेशींशी जोडल्या, तेव्हा यश मिळाले की नाही हे त्यांना याच ठिपक्यांनी सांगितले. १९८४ चे नोबेल येर्ने, कोलर आणि मिलस्टीन यांना मिळाले.

यंत्राची वाट वेगळी होती. वॉलेस कूल्टर यांना १९५३ मध्ये पेटंट मिळाले, ते बारीक छिद्रातून जाणाऱ्या पेशी विद्युत रोधातल्या बदलावरून मोजण्याचे. या मापनात तांबड्या पेशींचे आकारानुसार दोन गट दिसत. ते खरे आहेत का, हे तपासण्यासाठी लॉस अलामॉसच्या मॅक फुलवायलर यांनी १९६५ मध्ये पेशी वेगळ्या करणारे यंत्रच बांधले. त्यात रिचर्ड स्वीट यांचे शाईचे थेंब विद्युतभाराने वळवण्याचे तंत्र त्यांनी वापरले. गट मापनाच्या दोषातून आलेले निघाले, यंत्र मात्र टिकले. लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या स्टॅनफर्डमधल्या चमूने त्याला फ्लुरोसंट (प्रकाश पडताच चमकणाऱ्या) रंगांची जोड दिली: १९६९ मध्ये पहिला नमुना, १९७२ मध्ये लेसरसह सुधारित यंत्र.

हे यंत्र पेशीवर किंवा पेशीत असलेले पाहते. म्हणूनच बैलाच्या वीर्यातले एक्स शुक्राणू (ज्यांपासून मादी वासरू जन्मते) निवडता येतात, कारण त्यांत सुमारे ४ टक्के जास्त डीएनए असतो. लिंगवर्गीकृत रेतमात्रा आपल्याकडचे दूध उत्पादकही वापरतात. बाहेर सोडलेल्या पदार्थासाठी मात्र वेगळी युक्ती लागली. १९९५ मध्ये जर्मनीतल्या आंद्रेआस राडब्रुख आणि सहकाऱ्यांनी पेशीच्याच पृष्ठभागावर असे रेणू बसवले, की तिने सोडलेला पदार्थ तिलाच चिकटून राहील.

पुढे सूक्ष्मनलिकांमध्ये तेलात तरंगणारे थेंब यंत्राने बनू लागले. २०१० मध्ये हार्वर्डच्या डेव्हिड वाइट्झ यांच्या गटाने यीस्टवरच्या एका एन्झाइमचे सुमारे १० कोटी थेंब १० तासांत तपासले. नॉसल यांनी हाताने केलेल्या कामाला आता यंत्राची गती आली होती. अडचणी तरीही आहेत. बंद थेंबातले अन्न संपते, टाकाऊ द्रव्ये साचतात, म्हणून सावकाश वाढणाऱ्या पेशींना तिथे फार काळ ठेवता येत नाही. शिवाय पेशी थेंबात योगायोगाने शिरतात. एका थेंबात दोन येऊ नयेत म्हणून द्रावण इतके विरळ ठेवावे लागते, की बहुतेक थेंब रिकामेच जातात.