रक्त बघवत नाही की क्रौर्य सोसवत नाही?

"त्यात खूप हिंसा आहे का?" नवा सिनेमा आला की हा प्रश्न हमखास येतो आणि त्याला हमखास भलतंच उत्तर मिळतं. विचारणाऱ्याला धास्ती एका गोष्टीची असते, सांगणारा बोलतो दुसरीबद्दल. तिखट आहे का विचारावं आणि मीठ बेताचं आहे असं ऐकावं, तसला प्रकार. मग कुणी मध्यंतराआधीच उठून घरी येतं, तर कुणी उगाचच एका चांगल्या सिनेमाला मुकतं.

गोष्टी दोन आहेत. एक डोळ्यांना दिसणारी: रक्त, उघडी जखम, तुटलेला हात. दुसरी मनाला लागणारी: छळ, असहायता, आपल्याच माणसांनी केलेला घात. पहिलीबद्दल फार सांगायला नको, ती सगळ्यांना ओळखू येते. गोंधळ होतो तो पहिली कमी असली की दुसरीही कमीच असणार, असं धरून चालल्यामुळे.

'किल बिल'चा 2003 सालचा पहिला भाग घ्या. टोकियोतल्या हॉटेलात नायिका तलवार घेऊन डझनावारी माणसं कापत सुटते, रक्ताची अक्षरशः कारंजी उडतात. अमेरिकेत दाखवलेल्या प्रतीत या मारामारीचा मोठा भाग कृष्णधवल केलेला होता. तलवार तीच, माणसंही तेवढीच. लाल रंग गेला आणि दृश्य सोसवण्याजोगं झालं. मरणाऱ्यांपैकी बहुतेकांना नावसुद्धा नाही, त्यांच्यासाठी कुणाच्या पोटात तुटत नाही. रक्त चालत असेल, तर हा सिनेमा बघून रात्री शांत झोप लागते.

आता 'सैराट'. सिनेमा 2016 चा आहे, तेव्हा शेवट सांगायला हरकत नसावी. आर्ची आणि परश्याचा खून होताना दिसतच नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं पोर घरी येतं, आईबापांना पडलेलं बघतं आणि रडत बाहेर पडतं. फरशीवर त्याच्या इवल्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात आणि आवाज पूर्ण बंद. घाव एकही दाखवलेला नाही, तरी लोक खुर्चीतून उठायला तयार नव्हते. या सिनेमाबद्दल "अगं, मारामारी फारशी नाही, जा बिनधास्त" असं सांगणारी माणसं मी ऐकली आहेत. सांगणारा खोटं बोलत नव्हता, पण ऐकणारीच्या कामाचं त्यात काहीच नव्हतं.

माझी आत्या परिचारिका. उभा जन्म ऑपरेशन थिएटरमध्ये गेला. पडद्यावर आतडी बाहेर आली तरी ती शेंगदाणे सोलत बसते. पण सासू सुनेला उपाशी कोंडते असा साधा प्रसंग आला की टीव्ही बंद करते. तिच्या मुलाचं नेमकं उलट. कितीही काळीकुट्ट गुन्हेकथा तो रात्रभर बघेल, पण सुई टोचून नळीत रक्त चढताना दिसलं की त्याला घाम फुटतो.

त्याला घाबरट म्हणणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. एरवी भीती वाटली की नाडी आणि रक्तदाब वर जातात आणि वरच राहतात. रक्त बघून ज्यांना भोवळ येते, त्यांच्यात ते आधी थोडे चढतात आणि मग झपकन उतरतात. मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. हे पुष्कळदा घराण्यात चालत आलेलं असतं. धैर्याचा इथे काही संबंध नाही, आणि "खोटं असतं रे ते, रंग असतो" हे सांगून उपयोगही नाही, कारण शरीर ते ऐकत नाही. अशा वेळी हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, सैल सोडायचे, पुन्हा आवळायचे. रक्तदाब टिकून राहतो.

म्हणून दोघांचे उपायही निराळे. रक्ताचा त्रास असेल तर घरी, छोट्या पडद्यावर, दिवे लावून बघावं. "आता मान वळव" म्हणणारं कुणी शेजारी असलं की बहुतेक सिनेमे निभावतात. आवाज मात्र बारीक ठेवा, हाड मोडल्याचा आवाज डोळे मिटल्यावर जास्तच ऐकू येतो. क्रौर्याचा त्रास असणाऱ्याला यातलं काहीही उपयोगी नाही. त्याला आधी कळायला हवं की त्रास कुणाला होतो, किती वेळ चालतो आणि शेवटी सुटका होते का. म्हणजे कथा सांगावी लागते. सांगा! कुणी कळवळून विचारत असताना "स्पॉयलर देणार नाही" म्हणून मिरवण्यात काय भूषण आहे, मला कळलेलं नाही.

प्रमाणपत्रावरून यातलं काही समजत नाही. 'ए' म्हणजे 18 वर्षांखालच्याला थिएटरात प्रवेश नाही, आईवडील सोबत असले तरीही. 'यूए 16+' म्हणजे त्याहून लहान मुलाला न्यायचं की नाही हे पालकांनी ठरवायचं. एवढंच. 'ए' शिवीगाळीमुळेही मिळतं, शरीरसंबंधांच्या दृश्यांमुळेही. ओटीटीवर सुरुवातीला वर्गवारीसोबत कारण द्यावं लागतं हे 2021 च्या नियमांमुळे झालं, पण तिथेही नुसतं 'हिंसा' लिहिलेलं असतं. कसली हिंसा, ते तुम्हीच ओळखा.

त्यापेक्षा ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाचं, बीबीएफसीचं, संकेतस्थळ उघडा. तिथे प्रदर्शित होणाऱ्या हिंदी सिनेमांनाही त्यांचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे आपले बरेच सिनेमे सापडतात. हिंसा, धमकी-दहशत आणि जखमांचा तपशील यांबद्दल तिथे वेगवेगळं लिहितात. सविस्तर माहितीत कथेतले प्रसंग फुटतात. क्रौर्य सोसवत नसेल तर नेमका तोच भाग वाचा.