ऐतिहासिक लढाऊ विमानांचे सिम्युलेटर उड्डाण

सेवेतून निवृत्त झालेल्या लढाऊ विमानाची संगणकावर उभी केलेली प्रतिकृती त्या विमानाच्या मूळ कार्यपद्धतीने चालवण्याचा छंद. कॉकपिटमधले बहुतेक खटके, दांडे आणि मापके यात चालू असतात. इंजिन, इंधन, शीतकरण, हायड्रॉलिक आणि दाबाच्या हवेवर चालणाऱ्या यंत्रणा यांची गणिते पडद्यामागे सतत सुटत असतात. विमानयुद्धाच्या साध्या गेममध्ये थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा) पुढे ढकलला की विमान उडते. इथे थंड इंजिनावर एकदम जोर टाकला, पंख्याचे (प्रॉपेलरचे) फेरे चुकीच्या क्रमाने बदलले किंवा टाकीतल्या इंधनाचा अंदाज चुकला, तर शत्रू दिसण्याआधीच उड्डाण संपते.

१९९८ मधील ‘फाल्कन ४.०’ने आधुनिक जेट विमान इतक्या तपशिलाने चालवता येते हे दाखवले. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांसाठी तोच मान २००१ मधल्या ‘आयएल-२ स्टुर्मोविक’कडे जातो. या मालिकेतला ‘क्लिफ्स ऑफ डोव्हर’ २०११ मध्ये आला आणि स्टालिनग्राडच्या लढाईवरचा भाग २०१४ मध्ये. ‘ईगल डायनॅमिक्स’चा ‘डीसीएस वर्ल्ड’ एकेक विमान स्वतंत्रपणे विकतो. त्यात २०१२ मध्ये पी-५१डी मस्टँग, २०१४ मध्ये मिग-२१ बिस आणि २०१६ च्या अखेरीस स्पिटफायर मार्क ९ दाखल झाले. मूळ ‘डीसीएस वर्ल्ड’ विनामूल्य आहे आणि त्यासोबत मस्टँगची टीएफ-५१डी ही निःशस्त्र आवृत्ती मिळते. नवख्याने पैसे खर्च करण्यापूर्वी पहिले पन्नास तास याच विमानावर घालवावेत.

आयएल-२ आणि डीसीएस यांचा रोख वेगळा आहे. आयएल-२ मध्ये विमान हवेत कसे वागते आणि लढाई कशी होते यावर भर असतो. तिथे इंजिन एका कळीवर सुरू होते. डीसीएसमध्ये प्रत्येक खटका हाताने लावावा लागतो.

साधने

स्टिक (विमान वळवण्याचा दांडा), थ्रॉटल आणि पायाखाली रडर पेडल (शेपटावरची उभी पट्टी फिरवून नाक डावीकडे-उजवीकडे नेणारे) ही तीन साधने मूलभूत आहेत. पेडल घेणे परवडत नसेल तर दांडा पिळून रडर चालवता येणारी स्टिक चालते. मात्र शेपटाला चाक असलेल्या विमानांत मनगटाची एक हालचाल स्टिकला आणि दुसरी रडरला जाते, आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. धावपट्टीवरून वाकडे जाणाऱ्या बहुतेक नवख्यांची अडचण कौशल्याची नसून हीच असते. स्वस्त स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो. त्यात धूळ बसली की स्टिक मध्यावर असतानाही विमान थरथरते. चुंबकावर चालणाऱ्या हॉल सेन्सरच्या स्टिकला हा त्रास होत नाही.

टेबलावरची स्टिक आखूड असते आणि खऱ्या विमानातली लांब, त्यामुळे टेबलावर तेवढ्याच हालचालीत नियंत्रणपट्ट्या जास्त फिरतात. यासाठी पिच (नाक वर-खाली) आणि रोल (बाजूला कलणे) या अक्षांना १५ ते २० चा वक्र देतात, म्हणजे मध्याजवळचा प्रतिसाद मऊ होतो. त्याहून जास्त वक्र दिला तर वळणाच्या टोकाला स्टिक अचानक तिखट होते आणि पंखांवरचा प्रवाह तुटतो. मान वळवून मागे पाहण्यासाठी डोक्याची हालचाल टिपणारे यंत्र किंवा व्हीआर हेडसेट लागतो. लढाईत वरच्या प्रतीच्या थ्रॉटलपेक्षा याचा उपयोग कितीतरी अधिक होतो, कारण नजरेतून सुटलेले विमान परत सापडत नाही.

स्पिटफायर मार्क ९ : जमिनीवरून हवेत

या विमानात मर्लिन ६६ इंजिन आहे. सुरू करण्यासाठी इंधनाची तोटी उघडतात, पंख्याच्या फेऱ्यांचा दांडा पूर्ण पुढे नेतात आणि थ्रॉटल सुमारे अर्धा इंच उघडा ठेवतात. इंधन तोडण्याचा दांडा सुरुवातीला बंदच असतो. हातपंपाने सिलिंडरांत थोडे इंधन सोडतात. इंजिन थंड असेल तर पंपाचे अधिक झटके लागतात आणि नुकतेच बंद केलेले असेल तर जवळजवळ लागतच नाहीत. गरम इंजिनाला जास्त इंधन पाजले की ते बुडते आणि पंखा नुसता फिरत राहतो. मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रणा) लावून स्टार्टर आणि बूस्टर कॉइल ही दोन्ही बटणे एकत्र दाबायची. इंजिनाने पेट घेतला की तोडणीचा दांडा चालू स्थितीत न्यायचा. हे शेवटचे काम विसरले तर इंजिन दोन-चार फेरे मारून गप्प होते.

शीतद्रव ६० अंश सेल्सिअसवर आणि तेल १५ अंशांवर पोहोचेपर्यंत जोर वाढवायचा नाही. उलट बाजूलाही मर्यादा आहे. रेडिएटर पंखांखाली आहेत आणि उभ्या विमानात त्यांना पुरेसा वारा मिळत नाही. धावपट्टीच्या टोकाशी रांगेत उभे राहून नकाशा पाहत बसणाऱ्याचे तापमान १०० च्या पुढे जाते. इंजिन तापले की लगेच निघायचे, म्हणून वाटचालीची सगळी तयारी इंजिन सुरू करण्यापूर्वीच उरकलेली असावी.

पुढचे चाक नसल्याने नाक वर असते आणि समोरचे काहीच दिसत नाही. चालताना विमान नागमोडी नेत एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून रस्ता पाहतात. ब्रेक दाबाच्या हवेवर चालतात. त्यांचा दांडा स्टिकच्या गोल मुठीवर असतो आणि कोणत्या चाकाला किती ब्रेक मिळेल हे रडर पेडल ठरवते. पेडल मध्यावर ठेवून दांडा दाबला तर दोन्ही चाके थांबतात. डावे पेडल दाबून दांडा दाबला तर फक्त डावे चाक अडते आणि विमान तिकडे वळते. दांडा दाबून धरून ठेवला की हवेचा साठा संपतो, आणि त्याच साठ्यावर फ्लॅपही (उतरताना पंखांमागे खाली उघडणाऱ्या पट्ट्या) चालतात. म्हणून दांडा हलके दाबायचा आणि सोडायचा.

ट्रिम म्हणजे नियंत्रणपट्टी एका बाजूला झुकती ठेवण्याची सोय. उड्डाणापूर्वी रडर ट्रिम पूर्ण उजवीकडे आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी पट्टी) ट्रिम एक खूण नाक-खाली ठेवतात. पंखा कॉकपिटातून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो. त्याची पिळवट विमानाला डावीकडे कलवते आणि त्याने ढवळलेली हवा शेपटावर आपटून नाक डावीकडे ओढते. शेपूट उचलताना फिरत्या पंख्याचा जायरोस्कोपसारखा परिणाम आणखी एक झटका डावीकडेच देतो. थ्रॉटल चार-पाच सेकंदांत हळूहळू बूस्ट (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा वाढीव दाब) +७ पौंडांपर्यंत न्यायचा. +१८ पर्यंत जाण्याची ताकद इंजिनात आहे, पण धावपट्टीवर ती मागणे म्हणजे विमान गवतात घालणे. उजवे पेडल विमान वळल्यावर नव्हे, वळण्याच्या बेतात असताना द्यायचे, आणि लगेच थोडे मागे घ्यायचे. शेपूट गरजेपेक्षा जास्त उचलली तर पंख्याची टोके जमिनीला लागतात.

हवेत गेल्यावर इंजिनाचा हिशेब तीन पायऱ्यांवर चालतो. सततच्या उड्डाणासाठी मिनिटाला २,६५० फेरे आणि +७ पौंड, चढाईसाठी २,८५० फेरे आणि +१२, आणि लढाईत ३,००० फेरे आणि +१८, तेही ५ मिनिटांपुरते. जोर वाढवताना आधी फेरे, मग थ्रॉटल. कमी करताना आधी थ्रॉटल, मग फेरे. क्रम उलटला तर कमी फेऱ्यांवर जास्त दाब पडतो आणि इंजिन आतून मार खाते. मस्टँगलाही हाच नियम लागू आहे. जर्मन बीएफ १०९ मध्ये पंख्याचे काम बहुतांशी आपोआप होते. त्यामुळे त्या वैमानिकाला लढाईत नजर बाहेर ठेवायला अधिक वेळ मिळतो, आणि सिम्युलेटरमध्ये हा फरक पहिल्याच चकमकीत जाणवतो.

स्पिटफायरच्या इंधनमापकाकडे विशेष लक्ष द्यावे. पुढच्या भागात वर ४८ गॅलनची आणि खाली ३७ गॅलनची टाकी असते. मापक फक्त खालची टाकी दाखवतो, तेही बटण दाबल्यावर. वरची टाकी खालच्या टाकीत रिकामी होते. म्हणून निम्म्याहून जास्त इंधन जळेपर्यंत काटा ३७ वरून हलत नाही, आणि हलला की वर काहीच उरलेले नाही असे समजायचे. परतीचा निर्णय त्या क्षणी घ्यायचा असतो. नवखा वैमानिक नेमका तेव्हा कुणाच्या तरी पाठीमागे लागलेला असतो.

लढाई

स्पिटफायर मार्क ९ वर प्रत्येकी १२० गोळ्यांच्या दोन २० मिलिमीटर तोफा आणि प्रत्येकी ३५० गोळ्यांच्या चार .३०३ मशीनगन असतात. तोफा सुमारे १२ सेकंदांत रिकाम्या होतात, म्हणून एका वेळी सेकंदभरच चाप दाबतात. नेमदर्शकाच्या एका कड्यावर शत्रूच्या पंखांचा विस्तार फुटांत आणि दुसऱ्यावर अंतर यार्डांत लावायचे असते. बीएफ १०९ साठी ३२ आणि एफडब्ल्यू १९० या दुसऱ्या जर्मन विमानासाठी ३४ धरतात. शत्रूच्या पंखांची टोके आडव्या रेघांच्या मधल्या फटीत नेमकी बसली की तो लावलेल्या अंतरावर आहे. बहुतेकांच्या गोळ्या वाया जातात त्या नेम चुकून नव्हे, दुरून चाप ओढल्यामुळे. २५० यार्डांवर पंख फटीत भरेपर्यंत थांबायला शिकणे हीच खरी नेमबाजी आहे.

जुन्या मर्लिन इंजिनांचा एक दोष सिम्युलेटर इमानाने दाखवतात. ब्रिटनच्या लढाईतल्या स्पिटफायरमध्ये तरंगत्या गोळ्याचा कार्बुरेटर (हवेत इंधन मिसळणारा भाग) होता. स्टिक एकदम पुढे ढकलली की कार्बुरेटरातले इंधन वर उसळते आणि इंजिन खोकून बंद पडते. बीएफ १०९ मध्ये इंधन थेट सिलिंडरात फवारले जाई, म्हणून जर्मन वैमानिक सरळ नाक खाली घालून निसटत. ब्रिटिश वैमानिक विमान उताणे करून मग खाली ओढत, म्हणजे भार उलटा पडत नसे. १९४१ मध्ये फार्नबरो येथील अभियंता बिआट्रिस शिलिंग यांनी इंधननळीत बसवायची छोटी भोकाची चकती तयार करून हा त्रास बराच कमी केला. ‘क्लिफ्स ऑफ डोव्हर’मध्ये पहिल्या आवृत्तीचे स्पिटफायर चालवणाऱ्याने उताणे होण्याची सवय हाताला लावून घ्यावी. मर्लिन ६६ मध्ये कार्बुरेटरची रचनाच बदलली असल्याने मार्क ९ मध्ये तिची गरज पडत नाही.

उतरताना फ्लॅपला दोनच स्थिती आहेत, पूर्ण वर किंवा पूर्ण खाली. ते ताशी १६० मैलांच्या आतच सोडायचे. धावपट्टीच्या कडेवरून जाताना वेग ताशी सुमारे ९५ ते १०० मैल असावा. वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असल्यामुळे चाके टेकल्यावर विमान जरा वाकडे झाले तरी मागचा भाग पुढे येऊ पाहतो आणि विमान स्वतःभोवती गरकन फिरते. चाके टेकली म्हणजे उतरणे झाले असे मानून पेडलवरचे पाय सैल करणाऱ्यांचे विमान इथेच मोडते. ताशी १५-२० मैलांवर येईपर्यंत पाय जागे हवेत.

मिग-२१ बिस

मराठी वाचकाला या विमानाची ओळख सांगायची गरज नाही. भारतीय हवाई दलात ते १९६३ पासून होते आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे त्याला निरोप देण्यात आला. नाशिकजवळ ओझर येथील हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात एफएल, एम आणि बिस या तिन्ही आवृत्त्या तयार झाल्या. इंजिने ओडिशातील कोरापूटची. डीसीएसमधील विमान साधे बिस आहे, हवाई दलाने पुढे सुधारलेले बायसन नाही. त्यामुळे आर-७३ क्षेपणास्त्राची अपेक्षा ठेवू नये.

स्पिटफायरवरून मिगवर आलेल्याला एक गोष्ट लगेच ओळखीची वाटते. इथेही ब्रेकचा दांडा स्टिकवरच आहे आणि कोणते चाक अडवायचे ते पेडल ठरवते. पुढचे चाक मोकळे फिरणारे असल्यामुळे जमिनीवरचे वळण पूर्णपणे ब्रेकवरच घ्यावे लागते.

इंधनाचा हिशेब मात्र स्पिटफायरहूनही कडक आहे. मिगचा मापक टाकीतले इंधन मोजत नाही. किती भरले तो आकडा वैमानिकाने स्वतः लावायचा आणि मापक त्यातून वापरलेले इंधन वजा करत जातो. बाहेरच्या टाक्या लावून आकडा बदलायचा राहिला तर टाकीत इंधन असताना काटा शून्याकडे येतो. उलट चूक झाली तर काटा भरपूर इंधन दाखवत असताना ४५० लिटरचा दिवा पेटतो. त्या दिव्यावर विश्वास ठेवावा, काट्यावर नाही.

चाके उचलल्यावर त्यांचा दांडा मध्यावर आणून ठेवायचा असतो. हे राहून जाणे ही पहिल्या आठवड्यातली नेहमीची चूक. मिगच्या आर-२५ इंजिनाला किमान जोरावरून पूर्ण जोरावर यायला कित्येक सेकंद लागतात. त्याला आफ्टरबर्नरची (मागच्या नळीत जादा इंधन जाळून जोर वाढवणाऱ्या यंत्रणेची) आणखी एक आणीबाणीची पायरी आहे. ती ४,००० मीटरखाली आणि जेमतेम ३ मिनिटेच वापरायची. त्रिकोणी पंखाचे हे विमान ओढून वळवले की वेग पाण्यासारखा गळतो. म्हणून नजर वेगमापकाइतकीच आघातकोनाच्या (पंख आणि समोरून येणारी हवा यांमधल्या कोनाच्या) मापकावर ठेवतात आणि काटा २८ च्या आत राखतात. जीएसएच-२३ तोफेत २०० गोळ्या असतात आणि त्या ४ सेकंदांच्या आत संपतात.

उतरणे हा मिगचा खरा कस आहे. फ्लॅप पूर्ण उघडले की इंजिनातली दाबाची हवा त्यांच्यावरून सोडली जाते आणि तिच्यामुळे उचल वाढते. ही हवा इंजिनाच्या जोरातून येते. धावपट्टी जवळ दिसताच थ्रॉटल मागे ओढणारा वैमानिक वेग आणि उचल एकाच वेळी गमावतो, विमान दगडासारखे खाली बसते, आणि पुन्हा जोर मागितला तर इंजिन वेळेत येत नाही. शेवटच्या टप्प्यात ताशी सुमारे ३५० किलोमीटर वेग धरून, जोर टिकवून खाली यायचे आणि चाके टेकेपर्यंत थ्रॉटल थोडाथोडाच कमी करायचा. वेग ताशी ३२० किलोमीटरच्या खाली आल्यावरच वेग कमी करणारी मागची छत्री सोडायची. त्याआधी सोडली तर ती फाटून जाते आणि विमान धावपट्टीच्या टोकापलीकडे जाते.